आयटी, इकडे ये!

त्याला नाव आहे. आधार कार्डावर आहे, आयटीआयच्या दाखल्यावर आहे, आणि त्याची आई हाक मारते तेव्हा ते देवीपाड्याच्या चार चाळींना ऐकू जातं. पण आमच्या पेढीत पहिल्याच दिवशी शेठनी विचारलं, "ते आयटीवाला पोरगा आला काय?" आणि पुढचं वर्षभर तो 'आयटी'च राहिला. "आयटी, इकडे ये." "आयटी, पंखा आवाज करतोय." "आयटीने आज डबा आणला नाही वाटतं." मोठ्या कंपन्यांत आयटी हे खातं असतं, खात्याला मजला असतो, मजल्याला एसी असतो. आमच्याकडे आयटीला विसावं वर्ष चालू होतं आणि त्याच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता.

हा इसम एकट्या आमच्याच नशिबी आला असं नाही. बोरीवलीपासून भाईंदरपर्यंत जिथे गाळा आहे, गाळ्यात शेठ आहे आणि शेठच्या टेबलाखाली धूळ खाणारा एक सीपीयू आहे, तिथे तो सापडतोच. ओळखायची खूण म्हणजे पाठीवरची सॅक. तिच्यात लॅपटॉप नसतो. क्रिंपिंगची पकड, लॅन टेस्टर, स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि च्यवनप्राशच्या रिकाम्या डब्यात आरजे-४५ची टोकं असतात. बोलतो कमी, कारण आत्ताच कुणीतरी त्याला 'मी काहीच केलं नाही, आपोआप झालं' असं सांगितलेलं असतं आणि त्यावर बोलण्यासारखं काही नसतं. कुठल्याही यंत्रापुढे उभा राहिला की आधी मान तिरकी करून त्याची मागची वायर बघतो. माझी ओळख करून दिली तेव्हाही त्याने मान तशीच तिरकी केली होती.

आमची पेढी बोरीवलीत दत्तपाड्याच्या बाजूला, गाळ्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. धंदा नटबोल्टचा. एम-६पासून एम-३०पर्यंत, साधे, हाय टेन्साइल, एसएस ३०४. माल लुधियाना-राजकोटहून येतो, वसई-तारापूर-वापीच्या कारखान्यांना जातो. मी तिथे सव्वीस वर्षं हिशेब लिहितो. शेठना कॉम्प्युटरचं प्रेम कधीच नव्हतं. जीएसटी आला तेव्हा त्यांनी एक घेतला आणि पाय ठेवायला जागा झाली म्हणून समाधान मानलं. पण १ ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. म्हणजे बिल आपण बनवायचं, सरकारी पोर्टलवर चढवायचं, तिथून ६४ अक्षरांचा एक क्रमांक आणि क्यूआर कोड येणार, तो कोड बिलावर छापायचा, तेव्हा ते बिल. शेठचा चेहरा उतरला. एक तर माणूस ठेवावा लागणार म्हणून. आणि दुसरं, आपली उलाढाल पाच कोटींच्या वर आहे हे आता वॉचमनलाही कळणार म्हणून.

तोडगा सीएंनी काढला. १९६१चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. आयटीआयमधून 'कोपा' केलेला मुलगा घ्या, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट, एका वर्षाचा कोर्स. महिना सात हजार विद्यावेतन, त्यातला पाव हिस्सा, कमाल दीड हजार, केंद्र सरकार सोसतं. तीस किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ घेणं सक्तीचं; आपण चौदा, आपल्याला ऐच्छिक. 'ऐच्छिक' हा शब्द सरकारी कागदात पाहून शेठना झालेला आनंद मी प्रथमच पाहिला. त्या कायद्याच्या १८व्या कलमात म्हटलंय की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. आम्हा चौदा कामगारांच्या पेढीत पुढे वर्षभर सगळ्यात जास्त काम या एका बिनकामगाराने केलं, ते निराळं.

पण शिकाऊ म्हटला की शिकवणारा लागतो. सीएंकडचा मुलगा फॉर्म भरता भरता थांबला. "प्रशिक्षक म्हणून कुणाचं नाव टाकू?" शेठनी गाळ्यात नजर फिरवली. गोडाऊनमधले तिघे बोल्ट तोलत होते, डिस्पॅचवाला ट्रान्सपोर्टशी फोनवर भांडत होता, मी चष्मा पुसत होतो. मोकळा असा मीच दिसलो.

अशा रीतीने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी माहिती तंत्रज्ञानाचा प्रशिक्षक झालो. मला कॉम्प्युटरमधलं जे काय येतं त्याला टॅली म्हणतात. एफ-५ला पेमेंट, एफ-६ला रिसीट, एफ-८ला सेल्स, एफ-९ला पर्चेस. तेही बोटांना येतं. डोक्याला विचाराल तर ते बोटांकडे बघेल.

तो आला त्या सकाळी पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा होता. दारात उभं राहून त्याने आत बराच वेळ पाहिलं. 'ट्रेडिंग कंपनी' वाचून आला होता. भिंतभर स्क्रीन असतील, त्यांवर लाल-हिरव्या काड्या नाचत असतील अशी त्याची कल्पना. समोर तीन वजनकाटे होते. आणि वास मशीन ऑइलचा.

घरी मात्र त्याने काही खुलासा केला नसावा. त्याच्या आईचं पोळी-भाजी केंद्र आहे. पोळ्यांबरोबर ती बातमीही वाटत होती, 'मुलगा ट्रेडिंग कंपनीत आयटीत लागला.' यातला शब्द न् शब्द खरा आणि सगळं मिळून धादांत खोटं. चाळीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी त्याला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "आमच्यासारख्याने कुठला स्टॉक घ्यावा रे?" हा प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, एम-१२ भरपूर पडलाय, शेठ काढायचाच म्हणतायत." गृहस्थांनी एम-१२ वहीत लिहून घेतला.

आता प्रशिक्षक म्हणून मी त्याला काय शिकवलं? तीन शब्द. शेठनी काम सांगितलं की 'झालं' कधी म्हणायचं नाही. म्हटलं की लगेच दुसरं काम येतं. 'करतो' म्हटलं तर संध्याकाळपर्यंत खरंच करावं लागतं. 'बघतो' म्हणायचं. 'बघतो' म्हटलं की ते काम देवाच्या हवाली. शेठही सुटले, आपणही सुटलो. सव्वीस वर्षांच्या नोकरीचा अर्क मी त्याला पहिल्या आठवड्यात फुकट दिला. त्याने मान तिरकी केली. "पण काका, करायचंच असेल तर?"

हुशार होता, पण कच्चा.

त्याने मला काय शिकवलं ते सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. लॅनच्या केबलमध्ये आठ तारा असतात आणि त्या टोकात घालायचा क्रम ठरलेला असतो. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तो खाली मांडी घालून बसायचा, नखाने तारा सरळ करायचा आणि ओठांतल्या ओठांत हे म्हणायचा. माझे आजोबा संध्या करताना असेच पुटपुटत. मग टेस्टर लावायचा. एकापासून आठपर्यंत हिरवे दिवे ओळीने लागत गेले की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते माझ्या चेहऱ्यावर ताळेबंद जुळल्यावरही उमटत नाही. हल्ली झोप आली नाही की मी हा क्रम म्हणतो. हिरव्यापाशी चुकतो.

ई-इन्व्हॉइसचा पहिला आठवडा मी थोडक्यात आटोपतो, कारण आठवला की ॲसिडिटी होते. आमचा प्रिंटर डॉट मॅट्रिक्स. खर्रर्र-खर्रर्र करत तीन कार्बन प्रती काढणारा, शेठच्या लग्नानंतर घरात आलेली पहिली वस्तू असावी. त्याने क्यूआर कोड छापला तो सुरती खमणाच्या तुकड्यासारखा दिसला. आयटीने मोबाइल वर धरला, खाली धरला, उजेडात नेला, शेवटी गॅलरीत उन्हात नेला. कोड काही वाचला जाईना. वापीच्या एका गिऱ्हाइकाने तो ६४ अक्षरी क्रमांक फोनवर सांगा म्हटलं. मी सांगायला लागलो, "चार, ए, नऊ, एफ, एफ..." चाळिसाव्या अक्षराला तिकडून आवाज आला, "शेठ, कितना ऑर्डर बोला?" आयटीने शेठना चार वेळा सांगितलं की लेझर प्रिंटर घ्यावा लागेल. शेठ चारही वेळा म्हणाले, "बघतो." मी त्याच्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. धडा जिवंत उदाहरणासह मिळतो तेव्हाच ठसतो. लेझर आला तो वापीवाल्याने पैसे अडवल्यावर.

मग त्याने एक्सेलमध्ये तक्रारींचं रजिस्टर उघडलं. कुणी सांगितलं नव्हतं. आयटीआयमध्ये शिकवलं होतं म्हणे. तारीख, तक्रार, कारण, उपाय. काही नोंदी मी लिहून ठेवल्यात. 'तक्रार: माउस चालत नाही. कारण: माउस नव्हता, कॅल्क्युलेटर होता. उपाय: काकांना माउस दिला.' ही माझी. 'तक्रार: शेठचा मोबाइल स्लो. कारण: गुड मॉर्निंगचे ११,००० फोटो. उपाय: शेठ एकही काढू देत नाहीत.' आणि पुनःपुन्हा येणारी, 'तक्रार: इंटरनेट बंद. कारण: माकड.' यात विनोद नाही. नॅशनल पार्कची माकडं आमच्या बाजूला येतात, केबलला लोंबकळतात, कंटाळली की जातात. कंपनीच्या हेल्पलाइनवर त्याने तीन वेळा 'माकड' असं कारण सांगितलं आणि तिन्ही वेळा समोरच्या बाईने त्याला राउटर बंद करून चालू करायला सांगितला.

आता मी एक गोष्ट सांगणार आहे ती आमच्या शेठच्या कानावर जाऊ नये.

आमचा सर्व्हर म्हणजे शेठच्या टेबलाखालचा तोच सीपीयू, ज्यावर शेठ पाय ठेवतात. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला नाही. आतून टिक, टिक, टिक असा आवाज. आयटी गुडघ्यावर बसला, कान लावला आणि म्हणाला, "हार्ड डिस्क." डिस्पॅचवाल्याने डोक्याला हात लावला. शेठ मात्र शांत. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "टेन्शन नाय. काका रोज बॅकअप घेऊन जाते."

खरं होतं. सहा वर्षं, रोज संध्याकाळी सात-दहाला, पेन ड्राइव्ह लावायचा, स्क्रीनवरचं टॅली उचलून त्यात टाकायचं, पेन ड्राइव्ह काढून डब्याच्या पिशवीच्या कप्प्यात, आणि घरी देव्हाऱ्यात गणपतीच्या डाव्या हाताला. पावसात लोकल बंद पडली तेव्हा तो मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून दहिसरपर्यंत पायी नेलाय. मी ऐटीत पेन ड्राइव्ह काढून दिला.

आयटीने तो दुसऱ्या मशीनला लावला. पाहिलं. स्क्रीन जरा आपल्याकडे वळवला, शेठना दिसणार नाही असा. मग उठून म्हणाला, "काका, पाणी प्यायला येता?"

कूलरपाशी तो हळू आवाजात म्हणाला, "ती फाइल दोन केबीची आहे."

"मग? आटोपशीर आहे."

त्याने खिशातून डिलिव्हरी चलनाचा तुकडा काढला, त्यावर टॅलीचं चित्र काढलं आणि चित्राच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण. "काका, हा बाण दिसतो ना, तो असला म्हणजे ते टॅली नसतं. टॅली कुठे आहे ते दाखवणारी पाटी असते. एस. व्ही. रोडवर बोरीवली स्टेशनची पाटी असते ना, बाणाची? तुम्ही सहा वर्षं रोज ती पाटी घरी नेलीत. स्टेशन इथेच आहे."

कूलरच्या पाण्याचा पेला हातात असताना मला घाम फुटला. सहा वर्षांचे हिशेब. जीएसटी आल्यापासूनचे. माझा प्रॉव्हिडंट फंड, माझी सव्वीस वर्षं, देव्हाऱ्यातला गणपती, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. आतून शेठचा आवाज आला, "आयटी! मिळालं काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आत बघून म्हणाला, "बघतो, शेठ."

माझा शब्द त्याने पहिल्यांदा वापरला तो हा.

शेठ बाहेर गेले. पोराने डिस्क बाहेर काढली, रुमालावर ठेवली, कुठली तरी एक वायर मित्राकडून मागवली, ती दुसऱ्या मशीनला जोडली. डिस्क पाच मिनिटं दिसायची आणि गायब व्हायची. दिसली की तो आमच्या कंपनीचं फोल्डर उचलायला घ्यायचा. नाव नव्हतं त्याला, नुसता आकडा, १००००. मी इतकी वर्षं आत बसून लिहिलं ते सगळं एका आकड्यात राहतं हे मला त्या दिवशी कळलं. बारा टक्के, टिक-टिक, गेलं. एकतीस टक्के, गेलं. मी मोबाइलचा दिवा धरून शेजारी उभा. साडेनऊला त्याच्या आईचा फोन आला, हा म्हणाला, "ट्रेडिंग चालू आहे." दहा-चाळीसला शंभर टक्के झालं. त्याने टॅली उघडलं, मी एफ-८ दाबून मागची नोंद उघडली आणि कालचं बिल समोर उभं राहिलं. मी त्याला वडापाव खायला नेलं. दुसरं काय देणार?

सकाळी त्याने शेठना सांगितलं, "बॅकअपवरून चढवलं." शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शिस्त कोणाकडून शिकायची, तर काकांकडून." मी खाली मान घालून व्हाउचर लावत राहिलो. महिनाअखेरीला त्याच्या प्रगतीचा कागद माझ्यापुढे सहीला आला. भरायचा त्यानेच, सही माझी, अशी आमची वहिवाट. 'या महिन्यात काय शिकलात' या रकान्यात लिहिलं होतं: 'डेटा रिकव्हरी. गोपनीयता.' मी सही केली. तो पेन ड्राइव्ह अजून देव्हाऱ्यात आहे. सौ. त्याला हळदकुंकू वाहते. मी काही बोललेलो नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं. आमच्याकडे चोपडापूजनात टॅलीचा सीपीयूही पाटावर बसतो. शेठनी नव्या डिस्कच्या सीपीयूवर ओल्या कुंकवाचा स्वस्तिक काढला, झेंडू ठेवला आणि मूठभर अक्षता टाकल्या. अक्षता जाळीतून आत गेल्या. पाडव्यानंतर पंखा तडतडायला लागला. आयटीने झाकण काढून चिमट्याने तांदूळ वेचले, एकवीस दाणे निघाले, आणि शेठपुढे कागदावर ठेवले, पुढच्या वर्षी झाकण लावून पूजा करूया असं सुचवायला. शेठनी दाणे मोजले, डोळ्यांना लावले आणि तिजोरीत ठेवले. रजिस्टरमध्ये नोंद आहे: 'कारण: बरकत.'

असं वर्ष गेलं. केलेल्या कामाबद्दल कुणी त्याला बरं म्हटल्याचं मला आठवत नाही. चालू असलेल्या यंत्राला कोण बरं म्हणतो? आणि मग, करार संपायला चार दिवस असताना, १९ जुलै २०२४चा शुक्रवार उगवला. क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन कंपनीने सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचा एक सदोष अपडेट सोडला आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. विमानं अडली, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. शेठ मोबाइलवर बातम्या बघत होते. त्यांनी हळूहळू मान वर केली आणि आमच्या तीन कॉम्प्युटरांकडे पाहिलं. तिन्ही चालू. डिस्पॅचवाला एम-१०चं बिल काढत होता.

शेठ उठून उभे राहिले. "एअरपोर्ट बंद. बँक बंद. आपला चालू! आयटी, इकडे ये."

आयटी प्रामाणिकपणे म्हणाला, "शेठ, आपल्याकडे ते सॉफ्टवेअरच ना—" मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तुटक्या अंगठ्याच्या चपलेवरच पडला. तो गप्प झाला. शेठनी त्याला पाचशे रुपये, अर्धा किलो फाफडा आणि राजकोटच्या व्याह्यांना फोन लावून ऐकवलेली पाच मिनिटांची स्तुती दिली. त्या फोनात 'हमारा आयटी डिपार्टमेंट' असे शब्द होते. जिन्यात तो मला म्हणाला, "काका, मी काहीच केलं नाही, आपोआप झालं." म्हटलं, आता तू शिकलास.

तो आता गोरेगावला एका मोठ्या कंपनीत आहे. तिथे आयटीला खरोखरच मजला आहे. गळ्यात पट्टा, पट्ट्यावर फोटो, आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारतात. सुरुवातीला दोन-तीनदा त्याने वळूनच पाहिलं नाही म्हणे. आमच्याकडे दुसरा शिकाऊ यायचा आहे. सीए म्हणतात फॉर्म भरलाय, प्रशिक्षकाचं नाव तेच ठेवलंय.

गेल्या सोमवारी लेझर प्रिंटरने कागद गिळला आणि लाल दिवा लावून बसला. खाली टेम्पो उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, माकडं गॅलरीच्या कठड्यावर. मी त्याला फोन लावला. मागे एसीची घरघर ऐकू येत होती. मी सगळं सविस्तर सांगितलं, लाल दिवा किती वेळा मिचकावतो तेही सांगितलं.

तो क्षणभर थांबला. मग अतिशय आदराने म्हणाला, "बघतो, काका."

मी फोन ठेवला आणि खणातून चलन-बुक आणि कार्बन काढला.